पणजोबांच्या मागे कसं जायचं? आणि जुन्या गल्ल्या कुठे शोधायच्या?

नानलपेठ
मंडळी, नमस्कार. गेल्या महिन्यात परभणीतलं आमचं जुनं घर उतरवलं. माळवदाचं होतं, लादनी पार कुजली होती, दर पावसाळ्यात माती गळायची. देवघरामागच्या बळदात, धान्याच्या भुश्याखाली, पत्र्याची एक नळी सापडली. आत एकच कागद होता. सगळा मजकूर उर्दूत, वर निजामी स्टँप. आमच्यापैकी कुणालाच उर्दू येत नाही. भावाने खालचा आकडा कसाबसा लावला, १३३६. हिजरी १३३६ म्हणजे १९१७-१८ निघतं. पणजोबा मानमोडीच्या साथीत, १९१८ साली गेले, एवढं घरात सगळ्यांना पाठ आहे. म्हणजे हा त्यांच्या अखेरच्या वर्षातला कागद असणार, असं धरून आम्ही तो कपाळाला लावला.

आमच्याकडे माहिती अशी : पणजोबा औरंगाबादचे, "गुलमंडीच्या मागं" राहायचे. कुठल्या गल्लीत, ते माहीत नाही. आजोबा तरुणपणी जिनिंगमध्ये नोकरीला परभणीला आले आणि इथलेच झाले. त्यांच्याबरोबर पणजीही आली. तिला सगळे मोठीआई म्हणायचे. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर पाच-सहा वर्षांनी ती वारली. माझे वडील आज ८२ वर्षांचे आहेत, त्यांना ती आठवते. पांढरं लुगडं, अंधारात बसायची सवय. घरी कुणी बाई आली की तिचा हात हातात घेऊन बोटांची मुळं दाबून बघायची आणि "अडीच" नाहीतर "सव्वादोन" असं काहीतरी पुटपुटायची. म्हातारपणाने भ्रम झाला असेल असंच सगळे समजायचे. तिचं खरं नाव वडिलांनाही सांगता येत नाही.

तर प्रश्न दोन. पणजोबांच्या मागे जायचं तर कुठे शोधावं? आणि त्यांची गल्ली कशी सापडेल? कागदाच्या खालच्या कोपऱ्याचा फोटो टाकतोय.

मोडीवाला
आधी त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकला जा. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की तुमच्या घराण्याची वही निघते. घरातलं कुणी तीर्थाला गेलं असेल तर कोण आलं, बरोबर कोण होतं, कुणाचं श्राद्ध केलं, हे त्यात असतं. गाव मात्र मूळचं सांगा. मी पहिल्या खेपेला नोकरीचं गाव सांगून बसलो आणि अर्धा दिवस वाया गेला. जुनी पानं मोडीत असतात, वाचणारा बरोबर न्या. आमच्या वहीत खापरपणजोबांची सही नव्हती, त्यांनी नांगराची खूण काढली होती. ती बघून मी तिथेच पायरीवर बसलो.

बिंदुसरा
गावाकडची शेती होती का? असेल तर १९५४-५५ चं खासरा पत्रक काढा. मराठवाड्यात सातबाराच्या मागे जायचं तर पहिला टप्पा तोच. त्याआधीचं सेतवार वगैरे निजामी दप्तर उर्दूत मिळेल. आजोबांच्या शाळेचं प्रवेश रजिस्टरही बघा. वय चुकीचं असतं, पण वडिलांचं नाव आणि गाव बहुधा बरोबर असतं.

येलदरी
२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमल्यापासून तहसिलींमध्ये जुन्या नोंदींचे गठ्ठे सोडले गेले. एरवी पन्नास वर्षं कुणी हात लावला नसता. मी त्या कामात थोडे दिवस होतो. एका गठ्ठ्यात उंदरांनी मधला भाग असा खाल्ला होता की प्रत्येक पानावर फक्त वडिलांची नावं उरली होती, मुलांची गेली होती.

मांजराकाठ
येलदरीभाऊ, त्या विषयावर इथं वाद सुरू होईल, तो नको. पण तुमचं ते उंदराचं वाक्य मनात राहिलं.

दखनी
नानलपेठ, आदाब. मी बीडचा, उर्दू शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. कोपऱ्याचा फोटो मोठा करून पाहिला. साल १३३६ बरोबर वाचलंय, पण त्याआधी महिना लिहिलाय तो "खुर्दाद". हिजरीत खुर्दाद नसतो. तिथे मोहरम, सफर, रमजान येतील. आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दीबेहिश्त, खुर्दाद हे निजाम सरकारच्या फसली सालाचे महिने. आजूर ऑक्टोबरात सुरू व्हायचा. इसवी सन काढायचा तर फसलीत पहिल्या तीन महिन्यांना ५९० मिळवायचे, पुढच्यांना ५९१. ताळा करायचा असेल तर जागीरदारी रद्द झाल्याचा कायदा बघा : १३५८ फसली, म्हणजे ऑगस्ट १९४९. तर तुमचा कागद १९२७ चा आहे, एप्रिल-मेच्या सुमाराचा.

पूर्ण कागदाचा फोटो टाका. चारही कोपरे दिसू द्या, घडी इस्त्री करून उलगडू नका. तुटेल.

नानलपेठ
मास्तर, १९२७? मग पणजोबा साथीत गेले ही गोष्ट खोटी? घरात शंभर वर्षं हीच सांगतायत. आजोबा चार वर्षांचे होते, एकाच दिवशी गल्लीतून सात तिरड्या निघाल्या, असं ते सांगायचे. आज वडिलांना काही बोललो नाही. पूर्ण फोटो उद्या टाकतो, कागद भावाकडे आहे.

कुंडलिका
खोटी म्हणू नका लगेच. मानमोडीच्या वेळची आमच्या जालन्याची गोष्टही अशीच आहे, फक्त तिरड्या नऊ आहेत. आकडा इकडचा तिकडे होतो, पण साथ आली होती आणि माणसं गेली होती.

गुलमंडीकर
"गुलमंडीच्या मागं" म्हणजे काय, हे ठरवायला आम्हाला तीन दिवस लागतील! एका बाजूला रंगारगल्ली, दुसरीकडे मछली खडक, कासारी बाजार, पुढे सिटी चौक, औरंगपुरा. ज्याला जिकडे तोंड करून उभं राहायची सवय, त्याचं "मागं" तिकडे. माझ्या लहानपणी सुपारी हनुमानापासून निघालो की आजी प्रत्येक वळणावर कोण राहायचं ते सांगत चालायची. घर पडलं तरी नाव तसंच. "हे अमक्याचं घर" म्हणून दाखवायची, तिथे चार मजली कापडाचं दुकान उभं असायचं.

आमच्या शहरात पुऱ्यांची नावंच मुळी दुसऱ्यांच्या पूर्वजांची. करणपुरा, पदमपुरा बिकानेरच्या राजघराण्यातल्या करणसिंह आणि पदमसिंह यांच्या नावाने. जयसिंगपुरा मिर्झाराजे जयसिंगांच्या. भावसिंगपुरा बुंदीच्या भावसिंहांच्या. ते मोगलांबरोबर दख्खनेत आले, छावण्या पडल्या, छावण्यांची वस्ती झाली. आज पदमपुऱ्यात भाजी घेणाऱ्याला बिकानेरशी घेणंदेणं नाही, पण पत्ता सांगताना रोज तेच नाव त्याच्या तोंडी येतं.

मांजराकाठ
तुम्ही निदान गल्लीत उभं तरी राहू शकता, गुलमंडीकर. आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला थोडा वेळ होता. गावातली दगडमातीची घरं होती तिथंच बसली. मग नवं गाव दुसरीकडं वसवलं. आखीव रस्ते, जमिनीच्या मानानं लहानमोठी घरं. सरकारनं, संस्थांनी घरं दिली, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण जुन्या गावात एका आळीत एक भावकी राहायची. चुलत्याचं घर पाठीला पाठ लावून. नव्या गावात चुलता एका टोकाला आणि आम्ही दुसऱ्या. माझ्या पोराला भावकी सांगावी लागते, आम्हाला ती भिंतीवरून कळायची. जुन्या गावठाणात अजून जातो मी. बाभळी माजल्यात. आमची ढेलज कुठं होती ते उंबऱ्याच्या दगडावरून ओळखतो.

नाथसागर
मांजराकाठ दादा, आमचं तर पाण्याखाली. जायकवाडीचा पाया १९६५ ला घातला आणि धरणात आमचं गाव गेलं. २०१६ च्या दुष्काळात पाणी इतकं हटलं की चौथरे उघडे पडले. वडील तेव्हा ७४ वर्षांचे. चिखलात काठी टेकत गेले आणि एका जागी थांबून म्हणाले, "हितं चूल." मी वाकून बघितलं तर काहीच नव्हतं, नुसता गाळ. पण ते बराच वेळ तिथून हलले नाहीत. मग मारुतीच्या पारापासून पावलं मोजून आमची सगळी गल्ली त्यांनी मला सांगितली. मी वहीत नकाशा काढून घेतला. पुढच्या पावसात परत सगळं बुडालं. वडीलही गेले. वही आहे.

येलदरी
ती वही स्कॅन करून ठेवा हो, नाथसागर. आजच करा.

जात्यावरची
मला एक बोलायचंय, राग मानू नका. वरपासून वाचत आले. पणजोबा, खापरपणजोबा, चुलता, भावकी. वंशावळीचा कागद काढला की झाडाला नुसते पुरुषच लागतात. माझ्या माहेरी सात पिढ्यांची वंशावळ फ्रेम करून लावलीय, त्यात एकही बाई नाही. जणू सात पिढ्या बापांनीच पोरं जन्माला घातली. नानलपेठ भाऊ, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये मला सगळ्यात जिवंत माणूस दिसलं ते मोठीआई. तिचं नाव कुणालाच माहीत नाही आणि प्रश्न मात्र पणजोबांच्या मागे जायचा.

माझ्या आजीला तिच्या आजीचं माहेर ओव्यांमुळे माहीत होतं. दळताना माहेरच्या गावाचं, वेशीचं, भावाचं नाव घ्यायची रीत होती. ते जातं आता कुंडीखाली आहे.

मोडीवाला
ताई, तुमचं म्हणणं मान्य, पण थोडी दुरुस्ती करतो. तीर्थाच्या वह्यांत बायकांची नावं सापडतात. आमच्या वहीत आई, बायको, विधवा काकू सगळ्या आहेत, कारण त्या स्वतः तिथे गेल्या होत्या. वंशावळ घरी बसून पुरुषांनी लिहिली. वहीत मात्र जो दारात आला तो लिहिला गेला.

जात्यावरची
हे माहीत नव्हतं. मग आता नाशिकला जाणं आलं.

बिंदुसरा
आमच्या बीडच्या नदीकाठच्या गल्ल्यांचं कुणी लिहील का? २३ जुलै १९८९ च्या रात्री बिंदुसरेला पूर आला, त्यात आमच्या घरातली सगळी कागदपत्रं गेली. आजोबांची सनद, फोटो, आजीची पत्रं. म्हणून मी माणसांना विचारत फिरतो. कागद नसला की शेजारी हाच पुरावा. आमच्या समोरच्या तांबोळी आजींनी मला माझ्या पणजोबांचा चेहरा सांगितला : डाव्या भुवईत खाच, चालताना हात मागे. आमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. तुम्हीही तुमच्या नात्यातल्यांपेक्षा शेजाऱ्यांना आधी विचारा. नातेवाईक घराण्याची शान सांगतात, शेजारी माणूस सांगतो.

कुंडलिका
खरंय. आणि भावकीत विचारायला जाताना कारण आधी स्पष्ट सांगा. मी वंशावळीसाठी चुलत चुलत्याकडे गेलो, त्यांना वाटलं वाटणी मागायला आलोय. चहा आला तो दोन तासांनी!

नानलपेठ
पूर्ण कागद टाकलाय, दोन्ही बाजू. जात्यावरची ताई, तुम्ही लिहिलेलं रात्री दोनदा वाचलं. राग नाही. मला आधीच सुचायला हवं होतं.

दखनी
कागद वाचला. सकाळपासून तीनदा वाचला, कारण एक शब्द चुकला तर अर्थ फिरतो. आता सांगतो.

हा किरायानामा आहे. दुकान भाड्याने घेतल्याचा. घेणाऱ्याच्या नावाआधी "मुसम्मात" आहे. हा शब्द बाईच्या नावाआधी लागतो. पुढे नाव, मग "बेवा", म्हणजे विधवा, आणि त्यापुढे तुमच्या पणजोबांचं नाव, जे तुम्ही मला खासगीत कळवलं होतं तेच. म्हणजे १९२७ मध्ये पणजोबा हयात नव्हते. साथीची गोष्ट खरी निघाली. दुकान तुमच्या पणजीने, स्वतःच्या नावावर घेतलं. सहीच्या जागी अंगठा आहे. किराया दरमहा साडेतीन रुपये "सिक्का हाली", म्हणजे निजामी रुपये, इंग्रजांचे कलदार नव्हेत. कशासाठी, तेही लिहिलंय : "बराय चुडीफरोशी". बांगड्या विकण्यासाठी.

मुक्काम औरंगाबाद, मोहल्ला कासारी बाजार. त्याखाली हुदूद-ए-अरबा, म्हणजे चतुःसीमा :
मशरिक, पूर्वेला : आम रस्ता.
मगरिब, पश्चिमेला : घरमालकाची ढेलज.
शुमाल, उत्तरेला : नहरीचा बंबा.
जुनूब, दक्षिणेला : एका अत्तारवाल्याचं दुकान.

मुसम्मातच्या पुढचं नाव मी इथे उघड लिहीत नाही. तुम्हाला निरोप पाठवलाय. ते आधी तुमच्या वडिलांनी ऐकावं.

जात्यावरची
नानलपेठ भाऊ, तुमची पहिली पोस्ट परत वाचा. अडीच, सव्वादोन. ती बायकांचे हात दाबून बांगडीचं माप सांगत होती.

गुलमंडीकर
अंगावर काटा आला.

मांजराकाठ
बोटांची मुळं दाबायची म्हणे. बरोबर. हात मऊ पडतो का, हाड किती आड येतं, त्यावरून काकण चढवणारी माप ठरवती. आमच्या गावात संक्रांतीच्या आधी यायची एक बाई, फूटपट्टी नाही काही नाही, नुसता हात धरायची.

दखनी
एक राहिलं. साक्षीदार दोन आहेत. एक नाव हिंदू, एक मुसलमान. दुसऱ्याच्या पुढे "हमसाया" लिहिलंय, म्हणजे शेजारी. बिंदुसरा साहेब, तुमच्या म्हणण्याला आधार मिळाला.

गुलमंडीकर
काल दुपारी कासारी बाजारात जाऊन आलो. मलिक अंबरच्या नहरीचे बंबे म्हणजे पाण्याचा दाब सांभाळणारे चुनेगच्ची खांब. शहरात काही ठिकाणी अजून उभे आहेत. या भागात मला एकही दिसला नाही. सगळीकडे दुकानं, फलक, वायरी. मग कापडाच्या एका जुन्या दुकानात ऐंशीच्या घरातले एक काका बसले होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, त्यांच्या वडिलांच्या बोलण्यात "बंब्यापाशी" असा पत्ता यायचा. त्यांनी उठून चप्पल घातली आणि मला एका बोळाच्या तोंडाशी नेलं. तिथे आता मोबाईलच्या कव्हरांची टपरी आहे. पूर्वेला रस्ता आहे, हे जुळतं. बाकीच्याची खात्री देत नाही. जागेचा फोटो काढलाय, टाकतो.

येलदरी
मालकाच्या बाजूने जाता येईल. किरायानाम्यात घरमालकाचं नाव असणारच. नगर भूमापन कार्यालयात त्या पेठेची जुनी मिळकत पत्रिका मागा, नाव जुळलं तर जागा पक्की. निजामी काळातला मोठा दप्तरखाना हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहे, पण दुकानासाठी तिथवर जायची गरज पडणार नाही.

नानलपेठ
दोन दिवस लिहायला जमलं नाही.

शनिवारी वडिलांना समोर बसवून सगळं वाचून दाखवलं. नाव सांगितलं. ते म्हणाले, परत म्हण. परत म्हटलं. मग म्हणाले, ती अंधारात बसायची ते डोळ्यांमुळं, तिला दिसत नव्हतं. आम्हाला पोरांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. हाताला हात लागला की ती माणूस ओळखायची. मग म्हणाले, माझ्या आईच्या हातात ती दर श्रावणात स्वतः बांगड्या भरायची, एकही फुटायची नाही, आणि स्वतःच्या हातात काही घालायची नाही.

आजोबा चार वर्षांचे होते तेव्हापासून त्यांना कुणी वाढवलं, हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणी विचारलाच नव्हता. "मोठे झाले आणि परभणीला आले" एवढंच ऐकत आलो.

वडिलांना कासारी बाजारात यायचंय. गुडघे दुखतात, गर्दीचं भय वाटतं, तरी यायचंय म्हणतात. गुलमंडीकर दादा, त्या काकांचं दुकान किती वाजता उघडतं?

गुलमंडीकर
साडेदहाला. पण अकराच्या आत या, मग गाडी आत जात नाही. रविवारी नको, बंद असतं. पैठण गेटपासून मी बरोबर येतो. काकांना सांगून ठेवतो, खुर्ची टाकतील.

जात्यावरची
येताना वडिलांना त्यांच्या आईच्या बांगडीचं माप आठवतं का, तेवढं विचाराल?

नानलपेठ
विचारलं ताई. सव्वादोन.

पूर्णाकाठ
नमस्कार, मी नवीन आहे. धागा पूर्ण वाचला. माझ्या सासूबाईंच्या पेटीत असाच एक कागद आहे, महिना मला "बहमन" वाटतो आणि साल १३२९. दखनी मास्तरांच्या हिशेबाने ५९० मिळवून डिसेंबर १९१९ येतं का? स्टँपच्या खाली दोन अंगठे आहेत, एक मोठा आणि एक अगदी लहान, पोराचा असावा असा.

दखनी
हिशेब बरोबर केलात. फोटो टाका, चारही कोपरे दिसू द्या.